निवांत कोण, रिकामटेकडा कोण?

संध्याकाळचे साडेपाच. सार्वजनिक बागेतल्या एका लांब बाकावर तीन माणसं बसली आहेत. एका टोकाला निवृत्त गृहस्थ, पाय पसरून, पाठ पूर्ण टेकून. मधे कानात इयरफोन घातलेली तरुणी, नजर मोबाइलमध्ये. दुसऱ्या टोकाला एक बाई. तिच्या मांडीवर लहान मुलाचं दप्तर, पाण्याची बाटली आणि छोटासा स्वेटर. तिचं सगळं लक्ष घसरगुंडीकडे. ती बाकाच्या अगदी कडेवर टेकली आहे, पाठ मात्र टेकलेली नाही. थोड्या वेळाने मुलाची आई येते. बाई उठून उभी राहते, आई बसते. कुणी कुणाला काही सांगितलेलं नसतं.

लांबून फोटो काढला तर तिघंही ‘बागेत बसलेली माणसं’ म्हणूनच दिसतील. पण त्या गृहस्थांसाठी बाग ही रोजची सवय आहे, तरुणीसाठी दोन कामांच्या मधली वीस मिनिटं, आणि तिसरीसाठी ड्यूटी.

बागा, मैदानं, कॅफे, जिम, पोहण्याचे तलाव, समुद्रकिनारे, मॉल या सगळ्यांना मी इथे फुरसतीच्या जागा म्हणतोय. माणूस काम घरी किंवा ऑफिसात ठेवून इथे येतो अशी आपली समजूत असते. मला ती पटत नाही. आपण कुठलं काम करतो, त्या कामाला समाजात किती मान आहे, आपल्या वेळेचा मालक कोण आहे, हे ऑफिसात एक वेळ झाकून राहील, पण बाकावर बसल्यावर नाही.

मराठी भाषेलाही हे चांगलं ठाऊक आहे. काहीही न करता बसणं ही एकच कृती. पण पगारदार माणूस सुट्टीच्या दिवशी बसला तर तो निवांतपणा. म्हातारा बसला तर विसावा. नोकरी नसलेला मुलगा तसाच बसला तर टवाळक्या, उनाडक्या. मजूर बसला तर कामचुकारपणा. आणि घरातली बाई बसली तर ‘तुला काही काम नाही वाटतं?’ बसणं तेच, शब्द मात्र बसणाऱ्याचा चेहरा बघून निवडला जातो. म्हणजे हातात नुसता मोकळा वेळ असून भागत नाही, त्या वेळाला लोकांची मान्यताही लागते. मान्यता असेल तर तुम्ही निवांत, नसेल तर रिकामटेकडे. ती मान्यता कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे काम फुरसतीच्या जागा गेली दोनशे वर्षं बऱ्यापैकी चोख करत आल्या आहेत.

आधी घड्याळ

कारखाने येण्याआधी इंग्लंडमधले विणकर, चांभार, लोहार असे कारागीर नगावर काम करायचे. शनिवारी हिशेब व्हायचा, रविवारी चैन, आणि सोमवारी बरेच जण कामाला हातच लावायचे नाहीत. या सुट्टीला ते गमतीने ‘सेंट मंडे’ म्हणायचे, जणू सोमवार नावाचा कुणी संतच होऊन गेला आणि त्याचा उत्सव पाळायलाच हवा. आठवड्याच्या शेवटी रात्र रात्र बसून राहिलेलं काम उरकायचं. काम आणि आराम यांच्यामध्ये भिंत नव्हती. कधी बसायचं हे कारागीर स्वतः ठरवायचा.

वाफेच्या इंजिनाला हे चालणार नव्हतं. इंजिन सुरू झालं की सगळे हात एकाच वेळी हजर लागतात. मग हळूहळू एक सौदा झाला: सोमवार सोडा, त्या बदल्यात शनिवारची दुपार घ्या. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांमधल्या स्त्रिया आणि किशोरवयीन मुलं यांचं काम शनिवारी दुपारी २ वाजता थांबवायला लावलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालणं अवघड, त्यामुळे पुरुषही सुटायला लागले. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी ३ वाजता का सुरू व्हायचे, याचं उत्तर त्या २ च्या भोंग्यात आहे.

आज आपण ज्याला फुरसत म्हणतो, ती मोजून मापून मिळणारी, सुरुवात आणि शेवट ठरलेली गोष्ट, ही कारखान्यातच तयार झाली. ‘आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती’ ही घोषणा रॉबर्ट ओवेनने १८१७ मध्ये दिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या अगदी पहिल्या ठरावात आठ तासांचा दिवस मान्य केला तो १९१९ मध्ये. मधली शंभर वर्षं भांडणात गेली.

एकदा वेळ असा कापून वाटला गेला, की दाराला कुलूप लावायचीही गरज उरत नाही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क १८५८ मध्ये लोकांसाठी उघडायला लागलं तेव्हा ‘सर्वांची बाग’ म्हणून त्याचं मोठं कौतुक झालं. (बागेसाठी जी वस्ती उठवली, तिच्यात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, हे कौतुकात बसत नव्हतं.) बागेत संगीताचे कार्यक्रम व्हायचे आणि ते फुकट होते. पण व्हायचे शनिवारी दुपारी. शहरातला कामगार तेव्हा आठवड्याचे सहा दिवस राबायचा, त्याची सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी कार्यक्रम ठेवायला धार्मिक मंडळींचा विरोध. कुणालाही अडवलेलं नव्हतं. फक्त वेळ अशी होती की अर्धं शहर तेव्हा कामावर असायचं. रविवारचं संगीत सुरू व्हायला १८८० चं दशक उजाडलं. सुरुवातीचे नियमही बघण्यासारखे होते. मुलांना हिरवळीवर चेंडू खेळायचा असेल तर मुख्याध्यापकांची चिठ्ठी आणायची. दुकानदाराने आपल्या मालवाहू गाडीत बायकापोरांना बसवून बागेत फिरवायचं नाही. स्वतःची बग्गी असलेल्याला असा काही प्रश्नच नव्हता.

फुकट आणि खुलं, हे दोन शब्द ऐकले की मी हल्ली आधी वेळ विचारतो.

हौसेचं मोल

खेळाच्या मैदानावर सगळे सारखे, असं आपण मुलांना सांगतो. या वाक्याची सगळ्यात जास्त परीक्षा एका साध्या शब्दाने पाहिली आहे: हौशी. पैशासाठी नव्हे तर आवडीसाठी खेळणारा तो हौशी. किती निर्मळ कल्पना! पण एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये या शब्दाचा उपयोग चाळणीसारखा झाला.

हेन्ली इथल्या प्रसिद्ध नौकाशर्यतीचे १८७९ चे नियम बघा. पैशासाठी वल्हवणारा तर हौशी नव्हेच. पण धंद्याने यंत्रकामगार, कारागीर किंवा मजूर असलेला माणूसही हौशी धरला जाणार नव्हता. त्याने खेळाचा एक पैसा घेतलेला नसला तरी. युक्तिवाद असा केला जायचा की दिवसभर हाताने काम करणाऱ्याचे स्नायू आधीच कमावलेले असतात, त्यामुळे स्पर्धा बरोबरीची होत नाही. १९२० मध्ये अमेरिकेच्या जॉन केलीचा अर्ज तिथे नाकारला गेला. त्याच्या क्लबशी जुना वाद होता हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तो गवंडीकाम करत असे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीने सुवर्णपदक जिंकलं आणि अंतिम शर्यतीत ज्याला हरवलं तो ब्रिटनचा जॅक बेरेसफोर्ड होता. १९४७ मध्ये केलीच्या मुलाने हेन्लीची तीच शर्यत मारली. तोवर मजुरांना वगळणारा नियम गेला होता.

रग्बीची गोष्ट आणखी बोलकी आहे. उत्तर इंग्लंडच्या संघांमध्ये खाणकामगार आणि गिरणीकामगार असायचे. शनिवारी लांबच्या गावी सामना असला की त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा पडायचा, मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, खेळायचे पैसे राहू द्या, निदान बुडालेली मजुरी तरी भरून देऊ. खेळाची सूत्रं हातात असलेल्या मंडळींनी नकार दिला. त्यांच्यापैकी कुणाचाच शनिवारी खाडा पडत नव्हता. शेवटी ऑगस्ट १८९५ मध्ये उत्तरेकडचे क्लब हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. एका खेळाचे दोन खेळ झाले ते कायमचे. मूळ रग्बी युनियनने खेळाडूंना पैसे घ्यायची मुभा दिली ती १९९५ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे मात्र ते ठरलेलं होतं: शनिवारची मजुरी. ज्याला ती सोडणं परवडतं त्याची हौस खरी!

फुटबॉलने लवकर शहाणपण दाखवलं. १८८३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिकने ओल्ड इटोनियन्सना २-१ ने हरवलं. एका बाजूला विणकर, प्लंबर, धातूकाम करणारे, आणि दुसऱ्या बाजूला देशातल्या सगळ्यात श्रीमंत शाळेचे माजी विद्यार्थी. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली. खानदानी शाळांच्या एकाही संघाला त्यानंतर तो कप जिंकता आला नाही.

क्रिकेटने एकाच संघात दोन जाती ठेवल्या. ‘जंटलमेन’ म्हणजे हौशी आणि ‘प्लेयर्स’ म्हणजे पगारी. त्यांच्या आपापसातल्या सामन्यांची परंपरा १८०६ ते १९६२ अशी दीडशेहून जास्त वर्षं चालली. एरवी दोघं एकाच संघातून खेळत, पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या आणि कित्येक मैदानांवर आत उतरायची फाटकंही वेगळी. धावफलकावर जंटलमनची आद्याक्षरं नावाच्या आधी, पगाऱ्याची नावानंतर. स्वल्पविराम कुठे आहे हे बघून माणसाची ऐपत कळायची.

आणि मग बाळू पालवणकर. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज १८९० च्या दशकात पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर नोकरीला होता. खेळपट्टी तयार करायची, जाळ्या लावायच्या, आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करायची. त्याने तिथे शेकडो तास चेंडू टाकले, पण फलंदाजी करायला कधी बोलावलं नाही, असं पुढे त्याने आपल्या मुलाला सांगितलं होतं. नीट पाहिलं तर फलंदाजी ही फुरसत होती आणि गोलंदाजी ही मजुरी. पुढे त्याची कीर्ती झाली आणि हिंदूंच्या संघाने त्याला खेळायला घेतलं. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातात फिरायचा. चहाच्या वेळेला मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून प्यायचे आणि बाळूला बाहेर वेगळा, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

या प्रसंगावरून मी एक गोष्ट शिकलो. फुरसतीच्या जागेतला भेद खेळ चालू असताना सहसा दिसत नाही. तो मधल्या सुट्टीत दिसतो. चहा कुठे पितात, कपडे कुठे बदलतात, पाणी कुठून घेतात, स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते, तिकडे बघावं.

कुणी न अडवलेला माणूस

सतराव्या शतकात, १६५२ नंतर, लंडनमध्ये कॉफीची दुकानं निघाली. एक पेनी दिली की कॉफी, वर्तमानपत्रं आणि गप्पा, म्हणून त्यांना पेनीची विद्यापीठं म्हणत. सरदार आणि दुकानदार एकाच टेबलावर बसतात याचं तेव्हा अप्रूप होतं. लोक एकत्र बसून फार बोलतात म्हणून दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ च्या अखेरीस ही दुकानं बंद करायचं फर्मान काढलं आणि बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतलं. तरीही या टेबलावर बायका जवळजवळ नव्हत्याच. होत्या त्या कॉफी आणून देणाऱ्या.

दोनशे वर्षांनी त्याच देशातल्या दारूच्या गुत्त्यांनी एकाच छताखाली वेगवेगळे भाग पाडले. कामगारांच्या भागात उघडी फरशी आणि लाकडी बाकडी. साहेबांच्या भागात गालिचा आणि गाद्या, आणि तीच बिअर थोडी महाग. काउंटर मात्र एकच, मग पलीकडच्या भागातले लोक दिसणार. त्यावर उपाय म्हणून काउंटरवर डोक्याच्या उंचीला नक्षीदार दुधी काचेच्या छोट्या फिरत्या झडपा बसवल्या. पेला मागवायचा तेव्हा झडप उघडायची, मिळाला की लावून घ्यायची. त्यांचं नावच पडलं ‘स्नॉब स्क्रीन’. वर्ग म्हणजे काय हे एखाद्याला समजावून सांगायचं असेल तर मी ती झडप दाखवीन.

आज अशा झडपा क्वचितच उरल्या आहेत. आता त्या आपल्या अंगात असतात.

मी पहिल्यांदा एका चकचकीत ठिकाणी गेलो तेव्हा दारावर कुणी अडवलं नाही, उलट दार उघडून धरलं. तिथेच मी अवघडलो. दार धरणाऱ्याला आपण काय म्हणायचं असतं? मेनू हातात आल्यावर मी तो उजवीकडून वाचायला लागलो: आधी आकडे, मग पदार्थ. माझा आवाज आपोआप खाली गेला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मेनूकडे न बघता मागणी केली, खुर्ची सरकवून घेतली आणि फोनवर मोठ्याने बोलू लागला. त्याच्याकडे जे होतं ते खिशातल्या पैशाहून वेगळं काहीतरी होतं.

या ‘काहीतरी’ला नीट नाव दिलं ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू याने. तो स्वतः खेड्यातला, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्याचा मुलगा, आणि पुढे पॅरिसच्या उच्चभ्रू शिक्षणसंस्थांत गेलेला. त्यामुळे अवघडणं म्हणजे काय हे त्याला माहीत असणार. १९६० च्या दशकात त्याने सुमारे बाराशे फ्रेंच लोकांना त्यांच्या आवडीनिवडी विचारल्या: संगीत, चित्रं, खाणं, खेळ, घरातलं फर्निचर. १९७९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: पैसा हे एक भांडवल. पण कुठे कसं बोलावं, काय आवडलं असं म्हणावं, कशाला नाक मुरडावं, हेही भांडवलच आहे, आणि ते लहानपणापासून घरात मुरतं. मराठीत यासाठी बुर्द्यूच्या ‘हॅबिटस’ या शब्दापेक्षा चांगला शब्द आहे: अंगवळणी पडणं. वळण खरोखरच अंगाला असतं. खांद्यांना, आवाजाला, खुर्चीत बसण्याला. अंगवळणी पडलेली गोष्ट निसर्गदत्त वाटते, म्हणून ती नसलेल्या माणसाला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं आणि तो पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही. त्याला कुणी अडवलेलं नसतं. ‘आपल्याला तसल्या जागा आवडत नाहीत’ असं तो सांगतो, आणि मनापासून सांगतो.

बुर्द्यूचा फ्रान्स जुना झाला, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन याने १९९० च्या दशकात दाखवलं की वरच्या वर्गातले लोक आता फक्त उच्च अभिरुचीला चिकटून बसत नाहीत, ते सर्वभक्षी झाले आहेत. शास्त्रीय संगीतही ऐकतात आणि लोकप्रिय गाणीही. खरं आहे. मोठा साहेब रस्त्यावरच्या साध्या दुकानात सहज जाऊन बसतो आणि त्याचा फोटोही टाकतो. पण ही ये-जा एकाच बाजूने होते. त्या दुकानात काम करणारा पोरगा साहेबाच्या क्लबात बसल्याचे फोटो कुणी पाहिलेत?

घाम घेणारे, घाम देणारे

वर्गाची खूण अंगावरही असते, आणि ती कामानुसार उलटीपालटी होते. बहुतेक लोक शेतात राबत होते तेव्हा युरोपात गोरीपान, उन्हापासून जपलेली त्वचा खानदानी समजली जायची. पुढे कामगार कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या छपराखाली गेला, आणि विसाव्या शतकात तिथेच उन्हाने रापलेली कातडी ही सुट्टी परवडल्याची खूण झाली. फ्रान्समध्ये जून १९३६ च्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटांवर लाखो लोकांनी प्रवास केला आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. किनाऱ्यावर आधीपासून येणाऱ्या सुखवस्तू मंडळींनी या नव्या पाहुण्यांना नाव ठेवलं ‘पगारी रजा’. ‘आल्या बघा पगारी रजा!’ हक्काच्या सुट्टीची शिवी झाली.

जिमकडे बघा. ओझी उचलणं, दोर ओढणं, जिने चढणं, ही सगळी हमालीची कामं. तिथे घाम गाळायचे पैसे मिळत नाहीत, द्यावे लागतात. जिममधला पळायचा पट्टा तर थेट तुरुंगातून आला, निदान नावाने तरी. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनियरने कैद्यांना कामाला लावायला पायऱ्यांचं एक मोठं फिरतं चाक तयार केलं. कैदी तासन्‌तास चढत राहायचे आणि पोचायचे कुठेच नाहीत. ही शिक्षा अमानुष म्हणून ब्रिटनमध्ये १८९८ च्या कायद्याने बंद झाली. त्या यंत्राचं नाव ट्रेडमिल.

यात हसण्यासारखं आहे, पण चूक कुणाचीच नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला घाम विकत घ्यावा लागतो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त खुपते: जो दिवसभर उभा आहे त्याची फुरसत म्हणजे बसणं, आणि नेमकं बसायलाच जागा मिळत नाही. लंडनमधल्या कॅम्डेनच्या नगरपालिकेने २०१२ मध्ये काँक्रीटचा एक उतरता, गोलसर बाक बसवला. त्यावर झोपता येत नाही, स्केटबोर्ड चालवता येत नाही, काही लपवता येत नाही. थोडा वेळ टेकता तेवढं येतं. २००५ मध्ये ब्रिटनमध्येच एक यंत्र निघालं. ते इतका उंच पट्टीचा आवाज काढतं की तो बहुधा फक्त तरुण कानांना ऐकू जातो आणि नकोसा होतो. दुकानांबाहेर रेंगाळणारी पोरं पांगवायला ते लावतात. बाक आणि यंत्र दोन्ही एकच सांगतात: घेणाऱ्याने बसावं, नुसतं बसणाऱ्याने निघावं. ‘रिकामटेकडा’ या शब्दाचं हे यांत्रिक रूप.

आणि कधी कधी जागा वाटून घ्यायची वेळ येते तेव्हा ती मोडूनच टाकली जाते. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात १९५७ मध्ये एक कृष्णवर्णीय तरुण गोऱ्यांसाठी राखलेल्या बागेतून आडवाटेने चालला होता. त्याला पोलिसांनी पकडलं. बागा सगळ्यांना खुल्या कराव्यात ही मागणी न्यायालयात गेली. तेव्हा शहराने १ जानेवारी १९५९ पासून आपल्या सगळ्याच बागा बंद केल्या. प्राणिसंग्रहालयातले प्राणी विकले. पोहण्याचा तलाव बुजवला. गोऱ्या मुलांनाही पोहायला जागा उरली नाही, आणि ते चाललं. बागा उघडल्या १९६५ मध्ये. तलाव परत आला नाही.

उभी माणसं

फुरसतीच्या जागेत किमान एक माणूस कायम कामावर असतो, हे आपण सोयीने विसरतो. जीवरक्षक, वेटर, रखवालदार, जिमचा ट्रेनर, तिकीट फाडणारा. त्यांचं वेळापत्रक आपल्या वेळापत्रकाचं उलटं छापलेलं असतं. आपला रविवार हा त्यांचा सगळ्यात दमवणारा दिवस, आणि त्यांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, जेव्हा त्यांची मुलं शाळेत असतात. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाईसुंदरींचा अभ्यास करून दाखवलं की हसणं हाही त्यांच्या कामाचाच भाग आहे, तेही आतून आल्यासारखं दिसावं लागतं, आणि दिवसाच्या शेवटी आपलं खरं हसू कुठलं ते त्यांचं त्यांनाच कळेनासं होतं. आपला निवांतपणा अशा कुणाच्या तरी सावधपणावर उभा असतो.

१८९९ हे साल यासाठी माझ्या लक्षात राहिलंय. त्या वर्षी थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने लिहिलं की श्रीमंतांना फुरसत उपभोगायची तर असतेच, पण ती लोकांना दाखवायचीही असते. त्याचं आवडतं उदाहरण हातातल्या काठीचं. फिरायला जाताना काठी का घ्यायची? तर हात कुठल्याही उपयोगी कामात गुंतलेले नाहीत हे लांबूनही कळावं म्हणून. (आज अमेरिकेत उलट झालं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकन लोकांनी सतत कामात बुडालेल्या माणसाला वरच्या दर्जाचं मानलं, तर इटालियन लोकांनी फुरसत असलेल्याला.)

आणि त्याच १८९९ मध्ये ब्रिटिश संसदेने एक छोटा कायदा केला. दुकानं तेव्हा सुखवस्तू बायकांची दुपार घालवायची जागा झाली होती, आणि काउंटरमागच्या मुली सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असायच्या. कायद्याने मालकांना सांगितलं, दर तीन मुलींमागे किमान एक बसायची जागा ठेवा.

केरळमध्ये कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी हीच मागणी लावून धरली, तेव्हा त्यांना बसण्याचा हक्क देणारी दुरुस्ती २०१८ मध्ये झाली. तमिळनाडूत २०२१ मध्ये. मॉलमध्ये गेलात तर काउंटरमागे बघा, स्टूल आहे का. असेल तर त्यावर कुणी बसलंय, की गठ्ठे ठेवलेत, तेही बघा.